‘राजकारण नको, प्रेमावरची पुस्तकं सांगा’

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अकरा जणांचा वाचनगट आहे, दोन वर्षं छान चालला. मग व्हॉट्सॲपवर आरक्षणावरून वाद पेटला, एकाने टोचून काहीतरी लिहिलं, दुसरा काही न बोलता गट सोडून गेला. उरलेले दहा जण बैठकीला येतात, पण जपून बोलतात, चहा लवकर संपवतात. तुम्हाला प्रेम, जखमा भरून येणं आणि सामाजिक न्याय यांवरची पाच-सहा पुस्तकं हवी आहेत, ज्यांनी माणसं परत जवळ येतील. आणि शेवटी एक ओळ घातली आहे : राजकारण नको.

मी वीसेक वर्षं वाचनगट चालवते आहे. ग्रंथालयात चालवले, महाविद्यालयात चालवले, निवृत्त मंडळींचे चालवले. पुस्तकं सांगतेच, पण त्या शेवटच्या ओळीचं आधी बघू, कारण तुमची अडचण तिथेच आहे असं मला वाटतं.

गटातल्या काहींसाठी जात हा चर्चेचा विषय असतो. घ्यावासा वाटला तर घ्यायचा, कंटाळा आला की सोडून द्यायचा. दुसऱ्या काहींसाठी ती शाळेतली बसायची जागा असते, भाडेकरारावरचं आडनाव असतं, आईने सांगितलेली नि स्वतः पाहिलेली गोष्ट असते. ‘राजकारण नको’ म्हटलं की पहिल्याचं फार काही जात नाही. दुसऱ्याला मात्र निम्मं आयुष्य चपलांबरोबर दाराबाहेर काढून आत यावं लागतं. आणि मग आपण त्याला म्हणतो, मोकळेपणाने बोल ना. तुमचा सोडून गेलेला सदस्य यातला आहे की नाही, मला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक असेल.

तेव्हा खरा प्रश्न ‘कोणती पुस्तकं’ असा नाहीच. तो असा आहे : कोणतं आधी, कोणतं नंतर, आणि वाचताना कोणाकडून काय मागायचं. हा क्रम मी चुकवलेला आहे, म्हणून सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका दुभंगलेल्या गटात मी थेट क्षमेवरचं पुस्तक घेतलं. वर्णद्वेषी राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगाचे अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटू यांचं ‘नो फ्यूचर विदाउट फरगिव्हनेस’, 1999 सालचं. पुस्तक मोठं आहे, माणूस मोठा आहे, माझ्या डोळ्यांत वाचताना पाणी आलं होतं. गटातल्या बऱ्याच जणांनी भरभरून बोलून टाकलं. एक शिक्षिका गप्प होत्या. उठता उठता म्हणाल्या, “पुस्तक चांगलं आहे. पण त्यात आधी कुणीतरी खुर्चीवर बसून सांगतं, की हो, हे मी केलं. आमच्यात ते पान कुठे आहे?” त्या पुढच्या बैठकीला आल्या नाहीत. मी फोन केला तेव्हा तब्येतीचं कारण सांगितलं. ते खरंही असेल.

त्या म्हणाल्या ते मी नंतर नीट तपासलं. 1996 मध्ये त्या आयोगाच्या सुनावण्या सुरू झाल्या. अत्याचार करणाऱ्याला शिक्षेतून माफी हवी असेल तर अट होती संपूर्ण कबुलीची : काय केलं, कसं केलं, कोणाच्या हुकमावरून केलं. पश्चात्ताप व्यक्त करायची कायद्यात अट नव्हती, पण सत्य सांगायची होती. 7,112 अर्ज आले आणि 849 जणांना माफी मिळाली. म्हणजे बहुतेकांना नाहीच मिळाली. ज्यांनी भोगलं त्यांना आयोगाने सुचवलेली भरपाई मात्र रेंगाळली. 2003 मध्ये सरकारने एकदाच द्यायची 30,000 रँडची रक्कम जाहीर केली आणि ती आयोगाने सुचवलेल्यापेक्षा बरीच कमी होती. क्षमेच्या गोष्टी जगभर गेल्या, भरपाईची गोष्ट फार कोणाच्या लक्षात राहिली नाही. हे माहीत नसताना ते पुस्तक वाचलं, की ज्याचं काही गेलेलं नाही तो म्हणतो, ‘बघा, ते कसे विसरले.’ ते विसरले नव्हते हो. ते दिवसचे दिवस माइकसमोर बसून आठवत होते.

म्हणून क्षमेचं पुस्तक शेवटी. सुरुवात घराजवळून करा.

माझं पहिलं पुस्तक ठरलेलं आहे : कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’, 1981 सालचं. त्यातली त्यांच्या संस्कृत शिकण्याची हकिकत आधी वाचा, बाकीचं पुस्तक मागाहून. दलित घरातली मुलगी हट्टाने संस्कृत घेते, एम. ए. होते. लोक तोंडावर कौतुक करतात आणि नोकरी कोणी देत नाही. पुढे त्या आंतरजातीय लग्न करतात, आडनाव बदलतं, आणि मग सरकारी महाविद्यालयात संस्कृत शिकवायची नोकरी मिळते. त्या स्वतःच हिशोब मांडतात : नोकरी मिळाली ती माहेरच्या आडनावाच्या कुमुदला, की पावडे आडनावाच्या कुमुदला?

गटात मी हीच हकिकत का घेते? कारण तिच्यात तुम्ही मागितलेलं सगळं एका ठिकाणी येतं. प्रेम आहे, आणि ते खरं आहे. तरी त्या प्रेमाने न्याय केला असं म्हणता येत नाही, कारण नव्या आडनावाने दार उघडलं हाच तर अन्यायाचा पुरावा झाला. ‘आंतरजातीय लग्नं झाली की जात संपेल’ असं म्हणणारा एक तरी सदस्य प्रत्येक गटात असतो, आणि तो चांगला माणूस असतो. त्याच्याशी वाद घालायची गरज मला या पुस्तकाने ठेवली नाही. तो स्वतःच थांबतो. बरं, या हकिकतीत आरडाओरडा नाही. थोडा उपरोध आहे, बाकी नेटकं सांगणं. बचावाच्या पवित्र्यात बसलेल्यालाही ती ऐकवते.

दुसरं, दया पवारांचं ‘बलुतं’ (1978). ते बहुतेकांनी ‘वाचलेलं’ असतं, म्हणजे शाळा-कॉलेजात त्याविषयी ऐकलेलं असतं. त्याची मांडणी बघा : शिकलेला, नोकरी करणारा दया पवार आपल्याच आतल्या दगडू मारुती पवारची कहाणी ऐकतो. जखम भरून येणं म्हणजे काय, यावर मी वाचलेल्या कितीतरी मानसशास्त्रीय पुस्तकांपेक्षा ही एक मांडणी जास्त सांगते. माणूस पुढे गेला तरी मागचा माणूस त्याला सुखाने बसू देत नाही, आणि त्याचं ऐकून घेणं टाळताही येत नाही.

तिसरं, बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ (1986). हे जरा जपून घ्या. बाईंनी ते नवऱ्यापासून लपवून लिहिलं. त्यात वरच्या जातींनी केलेला छळ आहे आणि घरातल्या सुनांचा आपल्याच माणसांनी केलेला छळही आहे. गटातलं कोणीतरी लगेच म्हणेल, ‘म्हणजे त्यांच्यातही होतंच की!’ हा क्षण येणारच, तयारीत राहा. मी अशा वेळी उत्तर देत नाही, मागचा उतारा परत मोठ्याने वाचायला सांगते. बाई स्वतःच्या घराकडे इतक्या कठोरपणे बघतात, ते कोणाला सूट मिळावी म्हणून बघत नाहीत. जवळच्यावर प्रेम असलं की त्याचा अन्यायही लिहावा लागतो, हे त्यांना कोणत्या तत्त्वज्ञाने शिकवलं नव्हतं. उर्मिला पवारांचं ‘आयदान’ (2003) यानंतर घेतलं तर छान जोडलं जातं. आई बांबूची आयदानं विणते, लेक लिहिते, आणि दोन्हींची वीण एकच असल्याचं लेक सांगते. पण वेळ कमी असेल तर दोघींपैकी एक घ्या. चार महिने नुसती आत्मकथनंच वाचली की ऐकणारे थकतात आणि सांगणाऱ्यांची मांडणी नमुना म्हणून व्हायला लागते.

आता वाचायचं कसं, कारण पुस्तक बरोबर असूनही इथेच फिसकटतं.

उतारा मोठ्याने वाचा. घरून वाचून आलेली माणसं मतं घेऊन येतात. एकत्र ऐकलेला उतारा मात्र सगळ्यांच्या समोर एकाच वेळी असतो. नंतर ‘काय वाटलं?’ असं विचारू नका, त्यावर भाषणं येतात. मी विचारते, “कोणत्या वाक्याशी थांबलात?” प्रत्येकाने फक्त वाक्य वाचून दाखवायचं, कारण द्यायचं नाही. अकरा जणांना दहा मिनिटं लागतात. एकाच पानावर कोण कुठे थांबलं हे कळलं की निम्मी चर्चा न बोलता होऊन गेलेली असते.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. गटातल्या दलित सदस्याकडे वळून ‘तुमच्याकडे असं असायचं का?’ हा प्रश्न. प्रश्न विचारणाऱ्याला तो आपुलकीचा वाटतो. समोरच्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं होतं. त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल. पुस्तक मध्ये ठेवायचं ते याचसाठी, की कोणाला आपली जखम उघडून दाखवावी लागू नये.

एवढं झालं, साधारण तीन-चार बैठका, की मग प्रेमाच्या पुस्तकांकडे या. अमेरिकेतली काळ्या लेखकांची पुस्तकं मी इथे आणते. काहींना ते लांबचं वाटतं. त्यांना मी आठवण करून देते, की जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवला. वाट जुनीच आहे. शिवाय त्या अर्पणपत्रिकेत एक हिशोबही आहे : कौतुक आलं ते काम झाल्यावर आलं, नुसत्या सद्भावनेला नाही.

बेल हुक्स यांचं ‘ऑल अबाउट लव्ह’ (2000) घ्या, पण सगळं घ्यायची गरज नाही. पहिली दोन-तीन प्रकरणं पुरेत, नंतरच्या काही भागात अध्यात्म जरा जास्त होतं, असं माझं मत. त्यांचं म्हणणं असं, की प्रेम ही नुसती भावना मानली की आपण त्याच्या आड काहीही खपवतो. त्या प्रेमाकडे कृती म्हणून बघतात आणि त्यात काळजी, आपुलकी, दखल घेणं, आदर, बांधिलकी, विश्वास असे घटक मोजतात. न्याय नसेल तिथे प्रेम असू शकत नाही, हेही त्या स्वच्छ सांगतात, आणि सांगतात कुठे, तर लहानपणी घरात मिळणाऱ्या प्रेमाच्या प्रकरणात! मुलांना मारणाऱ्या, वर ‘तुझ्या भल्यासाठीच’ म्हणणाऱ्या घरांबद्दल बोलताना. हे प्रकरण गटात वाचलं की जातीवरून रुसून बसलेले दोघंही आपापल्या वडिलांबद्दल बोलायला लागलेले मी पाहिले आहेत. इंग्रजी जड जात असेल तर एकाने तयारी करून मराठीत सांगत जावं, काही बिघडत नाही.

मग बाबासाहेब. इथे लोक दचकतात, आणि तुमची ‘राजकारण नको’ ही ओळ परत वर येईल. पण प्रेमाबद्दल या देशात सगळ्यांत काटेकोर विचार कोणी केला असेल तर त्यांनी, असं मी म्हणेन. ‘जातिसंहार’ (मूळ इंग्रजी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’) हे 1936 सालचं भाषण लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेलं. मंडळाने ते होऊ दिलं नाही, म्हणून त्यांनी स्वखर्चाने छापलं. त्यात आदर्श समाजाचा पाया स्वातंत्र्य, समता आणि बंधुता असा ठेवला आहे आणि लोकशाही म्हणजे मुळात शेजारच्या माणसाविषयी आदर बाळगण्याची वृत्ती, असं म्हटलं आहे. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी तोच धागा पुढे नेला : बंधुता नसेल तर स्वातंत्र्य नि समता म्हणजे वरवरचा रंगाचा हात. आणि त्यांच्या निधनानंतर, 1957 मध्ये, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये ते आणखी पुढे जातात. प्रेम पुरेसं नाही, मैत्री हवी, कारण मैत्री प्रेमाहून व्यापक आहे. मैत्री म्हणजे आपली दोस्ती नव्हे, सगळ्या जिवांविषयीची मैत्री.

हे वाक्य मी बैठकीत मांडते आणि गप्प बसते. प्रेम आपल्याला आवडणाऱ्यावर असतं, मैत्रीला आवडण्याची अट नाही. तुमच्या गटाला आत्ता जे हवंय ते हेच नाही का? ज्याने टोचून लिहिलं तो उद्यापासून कोणाला आवडायला लागणार नाही. त्याच्याबरोबर एका खोलीत बसून नीट वागता येणं, इतपत मागणी करता येईल.

इथे थोडं थांबून आत्तापर्यंतचं बघू. आधी ज्यांनी सोसलं त्यांचं, त्यांच्याच शब्दांत. मग प्रेमाची व्याख्या, म्हणजे प्रेमाच्या नावावर काय काय खपवता येणार नाही ते. जखमा भरण्याचं त्यानंतर.

त्याबद्दल एकच पुस्तक सांगते, ज्युडिथ हर्मन यांचं ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ (1992). त्या मनोविकारतज्ज्ञ. बरं होण्याचे तीन टप्पे त्या सांगतात : आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग पुन्हा माणसांत येणं. तुम्ही स्वतः वाचा, गटाला द्यायलाच हवं असं नाही. गट चालवणाऱ्याला ते उपयोगी पडतं, कारण आपली घाई त्यात दिसते. आपल्याला सगळ्यांना तिसऱ्या टप्प्यावर, एकत्र फोटोत, आणायचं असतं. पहिला टप्पा मात्र झालेला नसतो. तुमच्या गटात पहिला टप्पा म्हणजे साधी गोष्ट : व्हॉट्सॲपवर लिहिलं ते चूक होतं, असं कोणी म्हणालं का? नसेल, तर तिथे कोणालाही सुरक्षित का वाटावं?

शेवटी अमेरिकेतला काळा लेखक जेम्स बाल्डविन याचं पत्र. ‘द फायर नेक्स्ट टाइम’ (1963) या पुस्तकातला पहिला, छोटा भाग, पुतण्याला लिहिलेला. एका बैठकीत पूर्ण वाचून होतो. काका पुतण्याला सांगतो, की गोऱ्या लोकांनी तुला स्वीकारण्याचा प्रश्नच नाही. तूच त्यांना स्वीकारायचं आहेस, तेही प्रेमाने, कारण ते अशा इतिहासात अडकले आहेत जो त्यांना समजलेला नाही. पहिल्या बैठकीत हे वाचलं असतं तर माझ्या त्या शिक्षिका परत उठून गेल्या असत्या : सगळं सोसणाऱ्यानेच करायचं का? चार महिन्यांनी वाचलं तर ते वेगळं ऐकू येतं. तोपर्यंत दुसऱ्या बाजूच्या माणसांना आपण ‘अडकलेले’ आहोत हे थोडंफार दिसलेलं असतं, आणि ते त्यांना चांगलंच लागतं. बाल्डविनच्या प्रेमात लाड नाहीत.

त्यानंतर हवं असेल तर दक्षिण आफ्रिका. पण टुटूंच्या आधी पुमला गोबोदो-मादिकिझेला यांचं ‘अ ह्यूमन बीइंग डाइड दॅट नाइट’ (2003) घ्या. बाई मानसशास्त्रज्ञ, आयोगात काम केलेल्या. वर्णद्वेषी राजवटीच्या मारेकरी पथकाचा प्रमुख यूजीन द कॉक याला त्या तुरुंगात भेटतात. एकदा तो कोसळतो आणि त्या नकळत त्याच्या थरथरत्या हातावर हात ठेवतात. नंतर तोच त्यांना सांगतो, की तुम्ही शिवलात तो माझा गोळ्या झाडणारा हात होता. करुणा वाटली म्हणून स्वतःचीच शिसारी येणं, आणि तरी ती करुणा खोटी नसणं, हे दोन्ही त्या लपवत नाहीत. क्षमेवर बोलायचं तर इतक्या प्रामाणिकपणे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. अकरांत दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजातले किती? एकच असेल तर आत्मकथनं सुरुवातीला घेऊ नका, सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. मग हुक्सपासून सुरुवात करा. गटात कोणी कोणाच्या हाताखाली नोकरीला आहे का? असेल तर त्या माणसाकडून मोकळेपणाची अपेक्षाच करू नका. तुमच्या भागात नुकतीच एखादी घटना घडून प्रकरण पोलिसांत, कोर्टात असेल, तर दोन-तीन महिने हे सगळं बाजूला ठेवा आणि एखादी चांगली कादंबरी वाचा. वाचनगटाने सगळं करायचं नसतं.

एक राहिलं. सगळं नीट केलं तरी गट पहिल्यासारखा होईल असं मी सांगू शकत नाही. माझ्या त्या गटातले निम्मे लोक पुढे गळाले. उरले ते अजून भेटतात, भांडतात, आणि भांडण झाल्यावर पुढच्या तारखेलाही येतात. त्या शिक्षिका तीन वर्षांनी एका कार्यक्रमात भेटल्या. हातात बेबी कांबळेंचं पुस्तक होतं. म्हणाल्या, “हे आधी घ्यायला हवं होतंत.”

तुमच्या सोडून गेलेल्या सदस्याकडे पहिल्या बैठकीच्या आधी जा. फोन नको, जा. कोणाच्या वतीने माफी मागू नका आणि ‘परत ये’ असंही म्हणू नका. जे लिहिलं गेलं ते चूक होतं आणि तेव्हा मी गप्प बसलो, एवढं तुमच्यापुरतं सांगा. पुढच्या वाचनाची तारीख सांगा, पुस्तकाचं नाव सांगा, एक प्रत त्याच्याकडे ठेवून या. पुस्तक निवडायला मात्र त्याला सांगू नका. ते काम बाकीच्या दहा जणांचं.